घर बंद होते काय?

आप्पांची कोणती शिफ्ट चालू आहे हे मला दाराबाहेरच्या बुटांवरून कळायचं. मी उठायच्या आत बूट गेलेले असले की पहिली. दुपारी कॉलेजातून आले आणि बूट नसले की दुसरी. सकाळी दुधाला दार उघडलं आणि ऑइलचे डाग पडलेले ते जाड बूट उंबऱ्याशी आडवे दिसले की तिसरी, म्हणजे आता दुपारपर्यंत भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. आप्पा महाळुंग्याला एका कंपनीत प्रेसवर होते. पत्रा ठोकून गाड्यांचे भाग काढणाऱ्या त्या मशीनचा आवाज त्यांच्या कानात कायमचा बसला होता, त्यामुळे ते घरात बोलायचे कमी आणि बोललेच तर मोठ्याने. आई गावी होती, धाराशिवकडे. आजीचं कंबरेचं हाड मोडलं आणि तिच्यापाशी कुणीतरी हवं म्हणून आई धाकट्या भावाला घेऊन तिकडे गेली. माझं बारावीचं वर्ष, आप्पांच्या डब्याचा प्रश्न, म्हणून मी इकडे राहिले. असं आमचं घर दोन ठिकाणी वाटलं गेलं, आणि इकडच्या वाटणीला माणसांपेक्षा भांडी जास्त आली.

आई येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचा आमटीचा मसाला, करून पाठवायची, प्लास्टिकच्या बरणीत, गावच्या कुणाच्या तरी पिशवीतून. त्या येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी हा आमचा रोजचा स्वयंपाक. भाकरी मला नीट यायला वर्ष गेलं. आप्पांनी कधी नाव ठेवलं नाही. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि त्या एका जेवणात ते आठवड्याचं बोलून घ्यायचे. "कॉलेज बराबर चाललंय का? पैसे हायेत का? आईला फोन केलतीस का?" तिन्ही प्रश्नांना मी हो म्हणायचे. मग ते हात धुऊन खाली जायचे आणि मी दोघांची ताटं घासायचे. दोन ताटं घासायला किती वेळ लागतो? तरी मी तो लांबवायचे.

आमची वसाहत तळवडे आणि मोशी यांच्या मधे, मोठ्या रस्त्यापासून आत होती. चार-चार मजल्यांच्या सहा इमारती, म्हणून सगळे तिला साबिल्डिंगी म्हणायचे. बसच्या कंडक्टरलाही तेवढंच सांगितलेलं पुरायचं. फार पूर्वी एका कंपनीने कामगारांना कमी भाड्यात राहायला ती बांधली. कंपनी बंद पडली, वसाहत एका ट्रस्टकडे गेली, ट्रस्टचे लोक थकले, आणि मग तिच्याकडे बघणारं कुणी उरलं नाही. भाडं इतकं कमी होतं की कुणी सोडून जाईना, आणि तेवढ्या भाड्यात डागडुजी करणं कुणालाच परवडेना. आमच्या इमारतीत जिन्याखालच्या खांबांना तडे गेले होते. गॅलरीच्या छताचं प्लास्टर पडून आतल्या सळया गंजून लोंबत होत्या. दुसऱ्या मजल्यावर लोखंडी टेकू लावलेले होते आणि त्यांच्यामधून वाट काढत आम्ही पाणी भरायचो. पाण्याचा पंप ज्ञानूतात्या चालवायचे. ते मोशीतल्या जुन्या घरातले. या जागेवर पूर्वी त्यांच्या चुलत्याची शेती होती. मान वर करून इमारतींकडे बघत ते म्हणायचे, "पोरी, ही जमीन काळी हाय. पावसात फुगती, उन्हात आखडती. हिच्यावर ज्वारी उभी ऱ्हाती, पन ह्या न्हाई ऱ्हायच्या."

आमच्या भिंतीला भिंत लागून शमीमचाची राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं तळवड्याच्या कोपऱ्यावर दुचाकीचं गॅरेज होतं. ते वारले तेव्हा मी लहान होते. मूलबाळ नव्हतं. गॅरेज दुसऱ्या कुणी घेतलं, पण त्याच गॅरेजची आणि आसपासच्या चार-पाच गॅरेजांची सीट कव्हरं चाची शिवून द्यायच्या. घरात रेक्झिनच्या काळ्या गुंडाळ्या आणि त्यांचा तो कडवट वास. जाड सुईचं मशीन सुरू झालं की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. चाची श्रीरामपूरच्या, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. रद्दीतल्या वर्तमानपत्राचा तुकडा हाती लागला तरी पूर्ण वाचून मगच त्यात काही बांधायच्या. त्यांनी कधी 'ये' म्हणून बोलावलं नाही. मशीन थांबायचं आणि भिंतीवर दोनदा बोटं वाजायची. म्हणजे चहा झाला. किंवा आंबट डाळ झाली, वाटी घेऊन ये. मला 'सवू' म्हणणारं पुण्याच्या या बाजूला दुसरं कुणी नव्हतं.

बारावीच्या वर्षी गणपती झाले त्याच सुमारास श्रीरामपूरहून निरोप आला की चाचींच्या बहिणीला मोठा आजार निघालाय. चाचींनी दोन साड्या पिशवीत भरल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली. वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी त्यांच्या छतातून ठिबकायचं. खाली बादली ठेवलेली असायची आणि ती रोज रिकामी करावी लागायची. "पंधरा दिवसांची बात आहे," चाची म्हणाल्या. "बादली तेवढी बघ. मशीनवर पाणी यायला नको."

संध्याकाळी मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बादली रिकामी करून येत जा. बसू नकू तिथं. लोकाचं घर हाय."

पहिले काही दिवस मी तसंच केलं. दार उघडायचं, बादली ओतायची, दार लावायचं. मग एकदा बाहेर ऊन फार होतं, आमच्या खोलीत समोरच्या शेडच्या पत्र्यावरून येणारी झळ सोसवेना, तर मी तिथे पंखा लावून जरा टेकले. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन गेले. पंधरा दिवस झाले, महिना झाला. चाची आल्या नाहीत. त्यांच्याकडे फोन नव्हता. एकदा कुणाच्या तरी फोनवरून त्यांनी आप्पांना विचारलं, "सवू बरी आहे ना?" आप्पा "हो, बरी हाय" म्हणाले आणि मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी रोज तिथे जाऊ लागले. आप्पांची पहिली शिफ्ट असली की दुपारीच जाऊन ते यायच्या आत परतायचे, दुसरी असली की संध्याकाळी चांगले तीन-चार तास बसायचे. आमच्या खोलीत एकटी असले की मी एकटी असायचे. तिथे मात्र कुणाच्या तरी घरी आल्यासारखं वाटायचं, फक्त ते कुणीतरी जरा बाहेर गेलंय इतकंच. मी त्यांच्या कपात चहा प्यायचे आणि कप धुऊन, होता तसा कान भिंतीकडे करून ठेवायचे. कधी मशीनवरचं फडकं काढून पायपट्टीवर पाय ठेवायचे. सुई चालवली नाही कधी. आणि, हे आता लिहायला हरकत नाही, कधी कधी मी आमच्या बाजूच्या भिंतीवर आतून दोनदा बोटं वाजवायचे. पलीकडे कुणी नसायचं. पलीकडची मीच इकडे बसलेली होते.

बारावीची परीक्षा झाली तेव्हाही चाची आलेल्या नव्हत्या. त्या परतल्या त्या बहिणीला माती देऊन, वाळून अर्ध्या झालेल्या. सात महिने झाले होते. मी किल्ली दिली. त्यांनी बादली पाहिली, मशीनवरचं फडकं उचलून पाहिलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अल्ला तुला सुखी ठेवो." मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. एवढंच? सात महिने, आणि एकदाही माझ्याशी बोलावं असं त्यांना वाटलं नाही? घरात मरणाला टेकलेली बहीण असताना माणूस फोन शोधत बसत नाही, हे आज समजतं. तेव्हा मी अठराची होते आणि भिंतीवर पुन्हा दोनदा बोटं वाजली तेव्हा मी ऐकूनही उठले नाही.

त्याच उन्हाळ्यात वसाहत पाडून नवी बांधायचं ठरलं. तपासणीला आलेल्या इंजिनियरांनी खांबांना हातोडीने ठोकून, ठिकठिकाणी भोकं पाडून पाहिलं आणि सहाही इमारतींवर 'धोकादायक' असा लाल रंगाचा फलक लावला. ज्ञानूतात्या त्याच्याकडे बघून नुसतं "व्हय" म्हणाले. नवी व्यवस्था वाईट नव्हती, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जे भाडेकरू खरोखर राहत होते त्यांना नव्या इमारतीत, पूर्वीसारख्याच कमी भाड्याने, जरा मोठी घरं मिळणार होती. बांधकाम होईतो दुसरीकडे राहायचं, त्याचं भाडं बांधणारे देणार. अडचण एकच होती. कित्येकांनी मोशीत, चिखलीत स्वतःची घरं घेतली होती आणि इथे नुसतं कुलूप लावून ठेवलं होतं. तर कुलूपवाल्यांना घर द्यायचं नाही, असा नियम झाला. सहा महिन्यांहून जास्त बंद असलेलं घर 'बंद' धरायचं. हा नियम गेटवर मोठ्या अक्षरांत लावला होता.

कोण राहतं, कोण नाही याची पाहणी करायला त्यांना वसाहतीतल्याच मुली हव्या होत्या. बायका परक्या माणसाला दार उघडत नाहीत म्हणून. माझं अक्षर चांगलं होतं. जुन्या दवाखान्याच्या खोलीत त्यांनी कार्यालय उघडलं होतं आणि तिथल्या इनामदार मॅडमनी आम्हा चौघींना दोन दिवस बसवून फॉर्म शिकवला. मॅडम पन्नाशीच्या, आवाज कायम बसलेला, पर्समध्ये खडीसाखर. त्या म्हणाल्या, "इथे सगळे तुमच्या ओळखीचे आहेत. म्हणूनच सांगते, ओळख बाहेर ठेवून आत जायचं. जे आहे तेच लिहायचं. तुमच्या एका शब्दावर कुणाला घर मिळेल, कुणाचं जाईल." गळ्यात ओळखपत्र आलं. आप्पांनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. त्या दिवशी गुरुवार नसतानाही ते माझ्याशी बोलले. "फोटो चांगला आलाय," म्हणाले.

चाचींचं घर माझ्याच यादीत आलं. दुपारची वेळ होती. त्यांनी मशीन थांबवलं, पदराने खुर्ची पुसून मला बसायला दिली. मी नेहमी खाली चटईवर बसायचे, त्या दिवशी खुर्चीवर बसले. नाव, वय, व्यवसाय, किती वर्षांपासून. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. मग अकरावा रकाना आला. मी फॉर्ममधलं जसंच्या तसं वाचलं, "मागील वर्षभरात घर बंद होते काय? असल्यास किती महिने?"

चाची शेगडीपाशी चहा ओतत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "तुला तर माहीतच आहे," म्हणाल्या. "लिही."

मी लिहिलं, सात महिने.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खरं ते लिहिलं. मॅडमनी सांगितलं होतं, गळ्यात ओळखपत्र होतं, सात हा आकडा खरा होता. पण पेन टेकवण्याआधी मी क्षणभर थांबले होते हे मला आठवतं. सहाची रेघ मला ठाऊक होती. 'घर बंद नव्हते, सामान आत होते, शेजारी रोज उघडत होते' असं लिहिलं असतं तर तेही खरंच ठरलं असतं. शेराही लिहिता आला असता, त्याला जागा होती. मी लिहिला नाही, कारण त्या सात महिन्यांचा एकेक दिवस मी भोगला होता आणि ते कुठेतरी लिहिलं जावं, कुणीतरी ते वाचावं, असं मला वाटत होतं. सरकारी दिसणाऱ्या त्या कागदावर मी माझं दुःख लिहून घेतलं, आणि खाली चाचींची सही घेतली. त्यांनी चहा पुढे केला. मी म्हणाले, "ड्युटीवर असताना घेत नाही."

तीन आठवड्यांनी ज्ञानूतात्या सकाळी सकाळी जिन्यातून ओरडत आले, "यादी लावलीया." लोक दवाखान्यापाशी जमले. आमचं नाव पात्र यादीत होतं. चाचींचं खालच्या, छोट्या यादीत. पुढे कारण, 'घर बंद'. मी घरी आले आणि दार लावून बसले. थोड्या वेळाने पलीकडे मशीन सुरू झालं. दिवसभर चालू होतं. कॅलेंडर हलत राहिलं.

संध्याकाळी मीच गेले. चाची टाचणी तोंडात धरून कव्हराची कड दुमडत होत्या. मी म्हणाले, "चाची, यादी बघितली का?"

"बघितली."

"मी लिहिलं होतं सात महिने."

त्यांनी टाचणी काढली. "खरंच लिहिलंस ना? मग झालं. भाचा म्हणतोय श्रीरामपूरला ये. तिथे पण लोकांच्या गाड्या आहेत. सीटा फाटतातच." मग म्हणाल्या, "सात झाले का पण? मला चार-पाच वाटले होते. तिथे दिवस कळत नव्हते."

एवढं त्यांनी सहज विचारलं आणि माझा सगळा राग पायाखालून निघून गेला. त्यांना आकडाही माहीत नव्हता. तो फक्त माझ्याजवळ होता.

दुसऱ्या दिवशी मी इनामदार मॅडमकडे गेले आणि सांगितलं की चाचींचं घर बंद नव्हतं. मॅडमनी माझाच फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला. "हे अक्षर तुझं?"

"हो."

"मग आज काय बदललं?"

मी फॉर्म उलटा करून ठेवला. त्या म्हणाल्या, "शेजारीण आहे म्हणून आलीस का? अशा शेजारणी मला रोज भेटतात." मी म्हणाले, माझ्याकडे किल्ली होती, मी रोज उघडत होते. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि शांतपणे सांगितलं की सुनावणी आहे, तिथे ये, पुरावा घेऊन ये, आणि विचार करून ये. "तू तिथे बोललीस तर तुझ्या फॉर्मवर प्रश्न येईल. एक फॉर्म चुकीचा, तर बाकीचे ऐंशी बरोबर कशावरून?"

पुरावा कसला आणायचा, या विचारात मी जिना चढत असताना मला खालचे लाइटचे मीटर दिसले. त्या सात महिन्यांची चाचींची बिलं मीच गोळा करून त्यांच्या फडताळात ठेवली होती. चाचींना काही न सांगता मी ती मागितली, त्यांनी काही न विचारता दिली. प्रत्येक बिलावर थोडे थोडे युनिट पडलेले होते. माझा पंखा, माझा दिवा. एका महिन्याला जास्त होते, माझ्या परीक्षेच्या.

सुनावणी सकाळी दवाखान्यातच झाली. टेबलामागे मॅडम, एक इंजिनियर आणि ट्रस्टचे एक म्हातारे गृहस्थ. चाची पांढऱ्या ओढणीत बाकावर बसल्या होत्या. मी आत गेले तर दाराशी आप्पा उभे. तिसरी शिफ्ट करून तसेच आले होते, गणवेशात, डबा हातात. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ज्ञानूतात्यांनी सांगितलं असावं. मी बिलं टेबलावर मांडली.

इंजिनियर युनिट पाहत म्हणाले, "घरात माणूस नसताना मीटर कसं फिरलं?"

"मी बसत होते साहेब."

"बादली रिकामी करायला किती वेळ लागतो?"

"बादलीला वेळ लागत नव्हता. मी तिथेच बसायचे. रोज. कधी कधी तीन-चार तास."

"कशासाठी?"

मी खाली बघितलं. फरशीवर जुन्या दवाखान्याच्या आयोडिनचे डाग होते. "आमच्या घरात कुणी नसायचं," मी म्हणाले.

म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मग फॉर्मवर बंद का लिहिलंस, बाळ?" मी म्हणाले, "चाची नव्हत्या म्हणून. मला ते बंदच वाटत होतं." इनामदार मॅडमनी पर्स उघडली, पुन्हा मिटली. मी चाचींकडे बघायचं टाळलं, पण आप्पांकडे नजर गेलीच. ते डब्याच्या कडीवरून अंगठा फिरवत होते, फिरवतच होते.

चाचींचं नाव वरच्या यादीत गेलं. माझं ओळखपत्र त्याच दिवशी जमा करून घेतलं. मॅडम रागावल्या नाहीत. "तुझं काम चांगलं होतं," म्हणाल्या, आणि पर्समधली खडीसाखर हातावर ठेवली. माझी पहिली नोकरी एक महिना आणि काही दिवस टिकली.

परत येताना आप्पा माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. टेकूंमधून वाकून जाताना ते थांबले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "मला वाटायचं तू अभ्यास करत असशील."

"अभ्यासच करायचे, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "पन तिथं." पुढच्या आठवड्यात त्यांनी आपली दुसरी शिफ्ट कुणाशी तरी बदलून पहिली घेतली. फार दिवस जमलं नाही ते, पण त्या आठवड्यात आम्ही रोज एकत्र जेवलो. बोललो असं नाही. ते भाकरी मोडून आधी माझ्या ताटात ठेवायचे.

मग वसाहत रिकामी व्हायला लागली. टेम्पो यायचे, कपाटं जिन्यात अडकायची, बायका एकमेकींचे पत्ते हातावर लिहून घ्यायच्या. रिकाम्या घरांची दारं-खिडक्या भंगारवाले काढून न्यायचे, त्यामुळे इमारतीच्या आतून वारा आरपार जायला लागला. चाची आमच्याआधी गेल्या, श्रीरामपूरला भाच्याकडे, घर तयार होईतो. मशीन चार माणसांनी उतरवलं. त्यांनी मला जवळ घेतलं आणि सुनावणीबद्दल एक शब्दही काढला नाही. आमच्या मजल्यावर शेवटी आम्हीच उरलो. त्या दहा-बारा दिवसांत मी त्यांच्या खोलीत पुन्हा गेले नाही. दार नव्हतंच, येता-जाता आत सगळं दिसायचं. आम्ही महाळुंग्याला एका खोलीत राहायला गेलो. इमारती पाडल्या तेव्हा मी बघायला गेले नाही. आप्पा गेले होते. "दोन दिवसात सपाट," एवढंच म्हणाले.

नवी घरं व्हायला सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त वर्षं लागली, पण झाली. चिठ्ठ्या टाकून घरं दिली, त्यात आम्हाला एका इमारतीत चौथा मजला आला आणि चाचींना समोरच्या इमारतीत नववा. आजी तोवर गेली होती. आई, भाऊ राहायला आले आणि आमचं घर एकदाचं एका जागी झालं. तरी पहिले काही महिने मला तिथे झोप लागत नसे. दोन घरांमधल्या भिंती जाड होत्या, पलीकडचं काही ऐकू यायचं नाही. दार लावलं की माणूस आपल्यापुरता. नव्या घरात सगळ्यांनाच हे हवं होतं, मीही तक्रार करत नाही. पुढे माझं लग्न झालं, मी इथून गेले, आणि नवरा गेल्यावर पुन्हा इथेच आले. आता याही इमारतीला ओल धरते. परवा सोसायटीच्या सभेत तपासणीची भाषा निघाली तेव्हा तरुण मंडळी घाबरली.

लग्नाआधी मी अधूनमधून नवव्या मजल्यावर जायचे. लिफ्टने जायचं, बेल वाजवायची, मग चाची दारातल्या भोकाला डोळा लावून बघायच्या आणि साखळी काढायच्या. एकदा, माझं लग्न ठरलं होतं तेव्हा, मी ठरवून गेले. त्या भेंडी चिरत होत्या. मी समोर बसले आणि इतकी वर्षं गिळून ठेवलेलं बोलून टाकलं. फॉर्म भरताना मला नियम माहीत होता, सात लिहिलं की तुमचं घर जाणार हे माहीत होतं, आणि तरीही लिहिलं. रागाने लिहिलं.

चाचींची सुरी थांबली नाही.

"मलापण माहीत होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नियम. गेटवर लावला नव्हता का? मी वाचला होता सगळा. चार-पाच म्हटलं होतं ते तुझं तोंड बघून."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? 'तुला माहीतच आहे, लिही' म्हणालात फक्त."

त्यांनी एक भेंडी उचलून उजेडात धरली, कीड आहे का पाहिलं. "तुला पहिल्यांदा नोकरी लागली होती, सवू. गळ्यात ते कार्ड घालून खुर्चीवर ताठ बसली होतीस. माझ्यासाठी खोटं लिही म्हणून कशी सांगू?"

खाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता, तो नवव्या मजल्यापर्यंत अगदी बारीक होऊन येत होता. चाचींनी चिरलेली भेंडी परातीत सारली, उठल्या, आणि मला न विचारता दोन माणसांचं पीठ मळायला घेतलं.